अल्लीपूरचा रुपेश ब्रदर

रुपेश थूल अकरावीत होता तेव्हाच त्याचं पुढं काय करायचं हे अल्लीपुरानं ठरवून टाकलं होतं. पोरगा सहा फुटांना दोन बोटं कमी, छाती दाराच्या चौकटीएवढी, हाताचे पंजे सुपासारखे. असा पोरगा पोलिसात नाही जाणार तर जाणार कुठं? गावातली दहा-बारा पोरं भरतीच्या तयारीसाठी रोज पहाटे हिंगणघाटच्या रस्त्यानं धावायची. त्यांनी रुपेशला न विचारताच आपल्यात धरलं. त्याचे वडील बापूराव मिस्त्री गावात आणि आसपासच्या खेड्यांत फरशा बसवायचे. ज्याच्या घरी काम चालू असेल त्याला ते हातातली थापी थांबवून सांगायचे, "दोन वर्षं थांबा. मंग पाह्यजा, आपला पोट्टा वर्दीत येते का नाई."

रुपेशही धावायचा. धावायला त्याला आवडायचंच. पण पोलीस व्हायचं का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

बारावीची परीक्षा संपली आणि चौथ्या दिवशी त्याची आई न्हाणीत पाय घसरून पडली. धुरपता जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. दोन-अडीचशे पोरांच्या खिचडीचं गंज, ते जड पातेलं, एकटीनं चुलीवरून उतरवणारी बाई, पण खुब्याजवळचं हाड मोडलं आणि ती जागची हलेना. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. पुढं अठरा दिवस तिथंच राहावं लागणार होतं. बापूरावांनी एका घराचं काम अर्ध्यावर सोडलेलं, त्या घरी लग्न तोंडावर आलेलं. म्हणून आईजवळ रुपेश राहिला. बायकांच्या वॉर्डात बाप्या माणसाला दिवसाच बसू देत. संध्याकाळी त्याची मावशी यायची आणि हा बाहेरच्या ओट्यावर जायचा.

पहिल्या दोन दिवसांत त्यानं नुसतं पाहिलं. आईला कुशीवर वळवताना काय करतात, पाठीला जखम होऊ नये म्हणून चादर कशी ताणतात, उशी कुठं लावतात. तिसऱ्या दिवशी वॉर्डात गर्दी होती, सिस्टरांना यायला वेळ लागला, आणि धुरपता कण्हायला लागली. रुपेशनं एक हात तिच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि दुधाचं पातेलं हलवावं तशी तिला अलगद कुशीवर वळवली. तिच्या तोंडून साधं "माय वो" सुद्धा निघालं नाही.

मागं मोहिनी सिस्टर उभ्या होत्या. वॉर्डात वीस-बावीस वर्षं काढलेली, चष्म्यावरून पाहणारी बाई. रुपेशला वाटलं, आता बोलणी बसणार.

"कुठं शिकलास हे?"

"कुठं नाई जी. तिच्या तोंडाकडं पाह्यलं की समजते, कुठं दुखून राह्यलं ते."

"तोंडाकडं पाहायला शिकवायलाच आम्हाला तीन वर्षं लागतात," मोहिनी सिस्टर म्हणाल्या. "बारावी सायन्स ना? नर्सिंगला ये."

रुपेश हसला. "मी? बाप्या माणूस?"

"या दवाखान्यातले निम्मे पेशंट बाप्येच आहेत. त्यांना काय आकाशातून देव येऊन उचलतात? आमच्याकडं ब्रदर म्हणतात. फॉर्म निघाले की सांगते."

त्या अठरा दिवसांत तो आईचं तर करायचाच, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलाही भरवायचा. घरी परतताना गाडीत त्याला जाणवलं, वॉर्डातला डेटॉलचा वास आपल्याला आवडायला लागला आहे. हे कुणाला सांगायचीही चोरी होती.

पण सांगावं तर लागणारच होतं. फॉर्म निघाल्याचा मोहिनी सिस्टरांचा फोन आला त्या संध्याकाळी त्यानं घरात विषय काढला. बापूराव हातपाय धुऊन बसले होते. त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला.

"नर्स?"

"हाव."

"अबे, नर्स म्हंजे बाई."

"बाप्येही असते, बाबा. ब्रदर म्हंते त्याले."

बापूराव रागावलेले नव्हते, भ्यायलेले होते. आयुष्यभर लोकांच्या घरात जाऊन काम करणाऱ्या माणसाला लोकांचं बोलणं लवकर टोचतं. शेवटी ते म्हणाले, "गाव हासंन."

खाटेवरून धुरपता बोलली. पाय अजून टेकवता येत नव्हता, पण तोंड शाबूत होतं. "बाबासाहेबांनं शिक म्हनलं. काय शिक हे का लिहून देल्लं? अन् हासू दे ना गावाले. मले उचलून कोन बसवते रोज? हासनारे येते का?"

बापूरावांनी टॉवेल पुन्हा उचलला आणि विचारलं, "फॉर्मले किती लागते?"

गाव हसलंच. रोज बरोबर धावणाऱ्या निकेशनं दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरून हाक मारली, "काय वो सिस्टर, इंजेक्शन देता का?" आठ-दहा पोरं खो-खो हसली. रुपेश आठवडाभर मागच्या पांदणीनं ये-जा करत राहिला. मग एक दिवस पांदणीत गुडघाभर चिखल झाला आणि त्याला स्वतःचाच राग आला. आपण चोरी केली नाही, चाकरी धरतो आहे, मग चिखल आपणच काऊन तुडवायचा? तो रस्त्यानं गेला. निकेशनं पुन्हा "सिस्टर" म्हटलं तेव्हा तो थांबला आणि गंभीरपणे म्हणाला, "देतो ना. पहिले पँट सोड." त्या दिवशी हसणाऱ्यांचा मोहरा निकेशकडं वळला.

फॉर्म भरला, नाव लागलं. वर्ध्याच्या त्याच दवाखान्याच्या नर्सिंग कॉलेजात वर्गात चाळीस जण. सदतीस मुली, तीन मुलगे. बाई वर्गात येऊन "मुलींनो, वह्या काढा" म्हणायच्या. पहिल्या महिन्यात तिघं मुलगे एकमेकांकडं पाहायचे, नंतर तेही निमूट वह्या काढू लागले. वसतिगृह मुलींचंच होतं. तिघांनी गावात एक खोली घेतली. स्वयंपाकाची पाळी आली तेव्हा रुपेशनं आईच्या शाळेतलं प्रमाण मनात धरून खिचडी टाकली. ती तीन दिवस पुरली. घरमालकीणबाईंनी डबा भरून नेला आणि खोलीचं लाईटबिल त्या महिन्यात कुणी काढलं नाही.

खरी अडचण तिसऱ्या वर्षी आली. प्रसूतीच्या वॉर्डात प्रात्यक्षिक सुरू झालं. मुली आत गेल्या, आणि तिघा मुलग्यांना सामानाच्या खोलीत बसवलं. गॉजचे तुकडे कापा, घड्या घाला, डब्यात भरा. एक दिवस झाला, चार झाले, दोन आठवडे झाले. खोलीत गॉजच्या घड्यांचा डोंगर झाला. बरोबरचे दोघं खूष होते, कारण काम सोपं होतं. रुपेशला मात्र ते पटेना. परीक्षेत प्रश्न सर्वांना सारखेच येणार होते. उद्या एखाद्या खेड्यात, पावसात अडकलेल्या गाडीत एखादी बाई बाळंत होऊ लागली तर तिला काय सांगायचं, की मला फक्त घड्या येतात?

तो शिकवणाऱ्या बाईंकडं गेला.

"बाई, आमाले बी आत येऊ द्या."

बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या. "अरे, नातेवाईक ओरडतात. तुम्हाला पाहून बायका संकोचतात. मी कुणाकुणाशी भांडू?"

"भांडू नका जी. फक्त विचारा. प्रत्येक बाईले विचारा. जी हाव म्हनंन तिच्याच वक्ताले आमी येऊ. नाई म्हनलं तर घड्या हायेतच."

बाईंना यात नाही म्हणायला जागा सापडेना. विचारायचं काम त्यांनी त्याच्याच गळ्यात घातलं. पहिल्या बाईनं तोंड फिरवलं. दुसरीच्या सासूनं त्याला दारातूनच पिटाळलं. सहावीनं ऐकून घेतलं, पण नको म्हणाली. रुपेशनं प्रत्येकीला "बरं ताई" म्हटलं आणि मागं फिरला. त्याला त्यांचा राग आला नाही. नाही म्हणायचा हक्क त्यांचाच होता. आठवी बाई आंजी गावाकडची होती, दुसरं बाळंतपण, कळा सुरू झालेल्या. तिची आई म्हणाली, "पुरुषमानूस नोको बाई." त्यावर ती बाई कळ ओसरायची वाट पाहून, दम खात म्हणाली, "आई, आतमंदी डाक्टर कोन हाय? बाप्याच हाय ना? मंग याले काऊन बाहेर? येऊ दे त्याले. दोन हात जास्तीचे."

पहाटेपासून अडलेलं ते बाळंतपण दुपारी पार पडलं. बाळ पुसून कापडात गुंडाळून रुपेशच्या हातात दिलं तेव्हा त्याच्या एका पंजात ते मावलं. मुलगी होती. तिनं डोळे किलकिले करून त्याच्याकडं पाहिलं आणि जांभई दिली. रुपेशला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांपुढं धूसरही झालं. त्या वर्षी तो वीस बाळंतपणांना हजर राहिला. बाईंनी पुढच्या तुकडीपासून विचारायची पद्धतच पाडून टाकली.

शिक्षण संपलं आणि हिंगणघाटच्या एका खासगी रुग्णालयात त्याला नोकरी लागली. सरकारी जाहिरातींत पुरुषांच्या जागा अगदी थोड्या असत; त्यानं दोनदा फॉर्म भरला, दोनदा नंबर हुकला. पण हे रुग्णालय बरं होतं, चार मजली, आणि अल्लीपूरहून बसनं जाता-येता यायचं. पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं, इथं आपली ओळख हातांमुळं नाही, दंडांमुळं होणार. जाड पेशंट स्ट्रेचरवर घ्यायचा, रुपेश ब्रदर. ऑक्सिजनचा सिलिंडर वर न्यायचा, रुपेश ब्रदर. दारू पिऊन कुणी धिंगाणा घातला, रुपेश ब्रदर. लिफ्ट बंद पडली तर विचारूच नका. ड्युटी नेहमी खाली, अपघात विभागात. वरच्या वॉर्डांतल्या सिस्टरांना नव्या मशीनचं शिक्षण मिळायचं आणि हा कुणाला तरी दोन्ही बगलांतून धरून उभा असायचा.

तरी त्याचं मन तिसऱ्या मजल्यावर होतं, बालरोग वॉर्डात. तिथं एखाद्या तान्ह्या बाळाची शीर सापडेनाशी झाली, दोघी-तिघींच्या हाती लागली नाही, की शेवटी त्याला वर बोलावत. तो बाळाचा हात आपल्या तळहातावर ठेवायचा, अंगठ्यानं हळूच चाचपायचा, बाळाशी काहीबाही बोलायचा, "काय जी शेठ, काय नाराजी हाय?" आणि सुई लागलेली असायची. आया त्याच्याकडं थक्क होऊन पाहत. मग खालून हाक यायची, कुणाला तरी उचलायचं असायचं.

चार वर्षं अशी गेली. मग बालरोग वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर मुलाकडं पुण्याला कायमच्या गेल्या आणि जागा रिकामी झाली. रुपेशनं अर्ज केला. सुरभीनंही केला.

सुरभी त्याच वॉर्डात काम करायची. वर्ध्याची, बोलायला फटकळ, कामाला चोख. तिच्या हातून एकही औषध इकडचं तिकडं झालं नव्हतं. रुपेशच्या अर्जाची बातमी ऐकून ती जिन्यातच त्याच्यापुढं उभी राहिली.

"तू पण? पाच वर्षं तो वॉर्ड मी ओढलाय."

"मले ओढूच कोनं देल्ला?" रुपेश म्हणाला. "मले तर सिलिंडर ओढायले ठेवलं."

दोघंही फणकाऱ्यानं आपापल्या मजल्याला गेले.

दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे रुग्णालयाच्या मालकांनी, दोघांना वेगवेगळं बोलावलं. रुपेशला ते प्रेमानंच म्हणाले, "अरे, लहान मुलांचं काम बाईलाच शोभतं. आणि तू वर गेलास तर खाली उचलाउचल कोण करणार?" सुरभीला ते तितक्याच प्रेमानं म्हणाले, "तुझं काम चांगलंच आहे बेटा. पण उद्या लग्न होईल, तू जाशील. मग आम्ही काय करायचं?" त्यांच्या मनात बाहेरून तिसरंच कुणी आणायचं होतं.

सुरभी बाहेर आली ती तडक खाली, अपघात विभागात. रुपेश एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होता.

"तुला काय म्हणाले?"

त्यानं सांगितलं. तिनंही सांगितलं. मग दोघं एकमेकांकडं पाहून हसायलाच लागले. पट्टी बांधून घेणारा म्हातारा म्हणाला, "काय झालं बाप्पा?"

"काही नाही आजोबा," सुरभी म्हणाली. "हा बाई नाही म्हणून गेला, आणि मी बाई आहे म्हणून गेले."

म्हातारा विचारात पडला. "मंग ठेवते कोनाले?"

दोघांनी एकाच कागदावर अर्ज लिहिला आणि मेट्रन कौशल्याबाईंकडं नेला. सगळ्या नर्सेसच्या वरचं पद त्यांचं. मोठे डॉक्टरही त्यांच्याशी आवाज चढवून बोलत नसत. अर्जात एवढंच होतं: आमची परीक्षा घ्या. जो पुढं येईल त्याला जागा द्या. बाहेरचं कुणी आलं तरी त्यांनीही तीच परीक्षा द्यावी.

कौशल्याबाईंनी अर्ज दोनदा वाचला. "मी इथं एकोणतीस वर्षं आहे," त्या म्हणाल्या. "कोणाला वर घ्यायचं हे आजवर चहा पिता पिता ठरत आलं. बघू, एकदा कागदावर ठरवून."

मोठ्या डॉक्टरांना त्यांनी कसं पटवलं कुणास ठाऊक. पण परीक्षा ठरली. हे दोघं आणि बाहेरचे दोघं, असे चार उमेदवार. लेखी पेपरवर नाव नाही, नुसता क्रमांक, आणि तपासायला बाहेरगावचे एक बालरोगतज्ज्ञ. सहा किलोच्या बाळाला किती औषध, जुलाबानं सुकलेल्या पोराला कशानं सुरुवात, असे प्रश्न. मग प्रात्यक्षिक. मग वॉर्डात प्रत्येकी दोन तास, आणि शेवटी तिथल्या आयांना विचारायचं, कुणाचं काम कसं वाटलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रुपेश बसमध्ये उभ्यानं वाचायचा. धुरपता त्याला पोळ्या देताना म्हणायची, "खाय, खाय, हिशेब पोटातूनच सुचते." प्रात्यक्षिकात त्याला बाळाची शीर पहिल्याच झटक्यात सापडली. एक पोरगं औषधाची पिचकारी पाहून किंचाळत होतं. रुपेशनं ती पिचकारी आधी स्वतःच्या मिशांना लावून पाहिली आणि पोरगं बघता बघता औषध पिऊन गेलं. दोन आयांनी त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली, "ते भाऊ आले की पोरगं रडतच नाई."

निकाल कौशल्याबाईंनी सर्वांसमोर वाचला. पहिली सुरभी. दुसरा रुपेश, दीड गुणांनी मागं. दीड गुण गेले कुठं? त्यानं वॉर्डात औषध दिलं, सगळं बरोबर दिलं, पण तक्त्यावर दिल्याची वेळ लिहायची राहिली. एकदा नाही, तीनदा.

लागलंच त्याला. नाही म्हणून कसं चालेल? ज्या परीक्षेसाठी आपण भांडलो तिनंच आपल्याला खाली बसवलं. दुपारी त्यानं डबा उघडला नाही. बसमध्ये खिडकीशी बसून तो सोयाबीनची वावरं बघत राहिला, आणि घरी येऊन आईला सांगितलं, "दुसरा आलो."

"पहिली कोन?"

"सुरभी. वॉर्डातलीच."

"चांगली हाय का कामाले?"

रुपेशनं विचार केला. खोटं बोलणं जिवावर आलं. "हाव. वेळ लिहाले विसरत नाई ते."

"मंग झालं," धुरपता म्हणाली. "इनसाफ मागतला, भेटला. आता जेव."

त्या रात्रीचं जेवण त्याला चक्क गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सुरभीनं त्याला वर बोलावलं. टेबलावर महिन्याचं ड्युटीपत्रक पसरलं होतं. "कौशल्याबाईंनी मला माणसं निवडायला सांगितली आहेत. तू माझ्याकडं येतोस का? साधा स्टाफ म्हणून. इन्चार्ज मी."

"खाली उचलाउचल कोन करंन?"

"तेच तर. ते तू शिकवायचंस, सगळ्यांना."

आणि त्यानं शिकवलं. चार जणांनी चादरीच्या चार टोकांना धरून, गुडघ्यात वाकून, एकदम तीन म्हणताच पेशंट कसा सरकवायचा. कंबरेवर नाही, मांड्यांवर भार कसा घ्यायचा. लहानखुऱ्या दोन सिस्टरांनी शंभर किलोंचा माणूस खाटेवरून स्ट्रेचरवर घेतला तेव्हा खालच्या मजल्यावर टाळ्या पडल्या. आपल्यावाचून अडतं हा एक गोड समज त्या दिवशी रुपेशच्या डोक्यातून गेला. जाताना थोडा चिमटा काढून गेला, पण गेला. अपघात विभागाच्या पाळ्या सर्वांना सारख्या लागल्या, नव्या मशीनचं शिक्षणही. मोठे डॉक्टर एकदा फेरीवर आले, तीन कोवळ्या बाळांमध्ये हा डोंगराएवढा माणूस मांडी घालून बसलेला पाहिला, आणि हसून पुढं गेले. सुरभी त्याच्या प्रत्येक तक्त्यावर लाल पेननं लिहायची: "वेळ?" सहा महिन्यांनी लाल पेन थांबला. पुढं तिचं लग्न झालं. ती गेली नाही. चार दिवसांची सुट्टी घेऊन पाचव्या दिवशी मेंदीच्या हातांनी कामावर हजर झाली.

रुपेशच्या लग्नाचीही बोलणी मग सुरू झाली. पवनारला धाम नदीच्या काठी भाजीपाल्याचा मळा असलेलं एक घर होतं. मुलगी वर्षाली, कृषी सहायक म्हणून सरकारी नोकरीत. बापूराव, धुरपता आणि रुपेश गेले. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले. वर्षालीचे आजोबा नानाजी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी सरळ विचारलं, "पोरगा काय करते?"

एवढी वर्षं बापूराव अशा वेळी "दवाखान्यात हाय" म्हणून मोकळे व्हायचे. ऐकणाऱ्यानं डॉक्टर समजावं की चौकीदार, ज्याची त्याची मर्जी. रुपेशनं पोह्यांच्या बशीत मान घातली. बापूराव खाकरून म्हणाले, "नर्स हाय. लहान पोराइच्या वार्डात. चांगला हाय कामाले. दुसरा नंबर आल्ता परीक्षेत."

रुपेशनं चमकून वडिलांकडं पाहिलं. धुरपता पदरात हसली.

नानाजींनी चष्मा सारखा केला. "नर्स? मंग बीपी पाह्यता येते तुले?"

"हाव जी."

"मोहल्ल्यातल्या कोनाजवळ मशीन हाय रे!" नानाजी ओरडले. शेजारून मशीन आलं. रुपेशनं नानाजींचं बीपी पाहिलं, मग आजीचं, मग काकूचं. पाहण्याच्या कार्यक्रमाची बातमी बाहेर फुटली आणि अंगणात बाया-बाप्यांची रांग लागली. एकानं तर मागच्या वर्षीचा एक्सरे आणला. मुलगी बघायला आलेला मुलगा मान खाली घालून तासभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधत होता. शेवटी रांग संपली तेव्हा समोर एक हात आला. वर्षालीचा.

"माहंही पाहा."

पट्टा फुगवून त्यानं आकडा पाहून सांगितला, नॉर्मल आहे म्हणाला. तिनं हात काढला नाही, विषय काढला.

"मले शेतकरी रोज विचारते, 'साहेब केव्हा येनार?' मी म्हनते, 'आले ना, मीच हावो.' मंग ते मागं पाह्यते, कोनी बाप्या येऊन राह्यला का."

रुपेश खळखळून हसला. "मले आया विचारते, 'सिस्टर कुठं हायेत?'"

तीही हसली, मग एकदम गंभीर झाली. "माही बदली होत राहीन. मी नोकरी सोडनार नाई. तुमाले जमंन का?"

घरातली माणसं कान देऊन होती. रुपेशनं पट्ट्याची गुंडाळी केली. "बिमार मानसं सगळीकडंच हायेत," तो म्हणाला. "तू जिथं जाशीन तिथं एखादा नर्स लागतच असंन."

लग्नाची तारीख काढायला मात्र दोन महिने लागले. जूनमध्ये तिला पेरणीची धावपळ, पावसाळ्यात त्याच्या वॉर्डात जुलाबाच्या पोरांची गर्दी, दिवाळीनंतर तिचं कापसाचं काम. शेवटी जानेवारी ठरला, आणि दोघांच्या साहेबांनी चार-चार दिवसांची सुट्टी मोठ्या मनानं दिली.

आता ती दोघं हिंगणघाटला राहतात. ज्याची पाळी उशिरा, तो भाजी करतो. गेल्या पंधरवड्यात वर्षालीची बदली समुद्रपूर तालुक्यात झाल्याचा आदेश आला. तो वाचून ती जरा खट्टू झाली, तर रुपेशनं मोबाईल पुढं केला. त्या भागातल्या भरतीची जाहिरात होती. नर्सेसच्या भरपूर जागा, आणि त्यात पुरुषांसाठी दोन.

"दोनच?" वर्षाली म्हणाली. "हे काही बरोबर नाई."

"बरोबर तर नाईच," रुपेश फॉर्म भरता भरता म्हणाला. "त्याचंही पत्र लिहू. पन सध्या मले एकच पाह्यजे."